रजादान

प्रिय आणि महाअबोल लव्होन,

हे चौथं पत्र. आधीची तीन तुला मिळालीच नाहीत असं मी समजून घेतलं असतं, पण आपल्या देशात सरकार बंद पडलं तरी टपाल चालू राहतं, हे आपण दोघींनी जानेवारीत डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे पत्रं पोचली आहेत आणि तू उत्तर देत नाहीस. फोन केला की तुझी बहीण एल्ना उचलते आणि "ती झोपलीय" म्हणून ठेवून देते. दुपारी एक वाजता झोपलीय, संध्याकाळी सहाला झोपलीय. अगं, अस्वलंसुद्धा मार्चमध्ये उठतात! माझ्यावर रागावली असशील तर रागाव, तो तुझा हक्क आहे. पण रागावलेल्या माणसाने निदान दोन शिव्या तरी लिहून पाठवाव्यात. तब्येतीबद्दल एक ओळ लिहायला काय जातं? तू साउथ डकोटाला गेलीस त्याला आता अकरा आठवडे झाले आणि या अकरा आठवड्यांत मला तुझ्याबद्दल काय माहीत आहे, तर तू झोपतेस.

इकडची खबर ऐक. हेडलंडमधलं बर्फ आता फक्त टर्कीच्या कारखान्याच्या मागच्या ढिगाऱ्यात उरलंय, काळं आणि घाण. आपल्या निरीक्षकांचे साहेब डॉक्टर मेकोनेन यांची मार्चमध्ये बदली झाली. त्यांच्या जागी येणाऱ्याचा पत्ता नाही, दुसऱ्या कारखान्याचा एक तरुण पशुवैद्य आठवड्यातून दोनदा डोकावतो, टर्कीपेक्षा स्वतःच्या घड्याळाकडे जास्त बघतो. आपल्यापैकी कोणाचं नाव काय हेसुद्धा त्याला धड ठाऊक नाही, मला परवा तो "लव्होन" म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही. रॉली अजून निवृत्त व्हायचं व्हायचं म्हणतोय. तुझ्या स्टुलावर कोणी बसत नाही. तुझ्या शेजारी उभी राहून पक्ष्यांचा खराब भाग छाटणारी ती होदन रोज विचारते, "मावशीचं काही कळलं का?" मी रोज सांगते, झोपलीय.

तुला आठवत असेल, सगळं सुरू झालं तेव्हा तू घरी होतीस. ते नेमकं कसं झालं हे तुला मी फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं, आज सलग सांगते. सांगायचं कारण आहे. एकवीस डिसेंबरचा शुक्रवार. शिफ्ट संपल्यावर डॉक्टर मेकोनेन हातात कागद घेऊन आमच्या त्या कोंदट खोलीत आले आणि म्हणाले, "मंडळी, आज मध्यरात्रीपासून सरकार बंद. पण घाबरू नका, आपण सगळे अपवाद आहोत." रॉली म्हणाला, "कशाला अपवाद?" डॉक्टर म्हणाले, "बंदला. निरीक्षक उभा नसेल तर कायद्याने एकही पक्षी पुढे सरकू शकत नाही, तेव्हा आपल्याला यावंच लागेल." रॉलीने पुढचा प्रश्न विचारला, "आणि पगाराचं?" डॉक्टरांनी कागद उलटा करून पाहिला, जसं काही मागच्या बाजूला उत्तर असेल. मग म्हणाले, "पगाराच्या बाबतीत आपण इतरांसारखेच." म्हणजे कामाला अपवाद आणि पगाराला नियम. पूर्वी आपल्याला "अत्यावश्यक" म्हणायचे, आठवतं? त्यात निदान मान तरी होता. कोणाला तरी वाटलं असेल, उरलेल्यांना अनावश्यक म्हटल्यासारखं होतं, म्हणून शब्द बदलला. शब्द बदलायला मात्र यांच्याकडे माणसं असतात.

पगाराचं एक वेळ समजू शकते. उशिरा का होईना, पण काम केलेल्याला पैसे मिळणार, हे कायद्यात लिहिलेलं होतं. माझं डोकं फिरलं ते रजेवरून. एका ओळीत सगळ्यांच्या सगळ्या रजा रद्द! मंजूर झालेल्या, सही झालेल्या, ऑगस्टपासून फळ्यावर लिहून ठेवलेल्या. आजारपणाचीसुद्धा. आजारी पडायला बंदी नव्हती, रजेवर आजारी पडायला बंदी होती. कोणी आलं नाही की त्या दिवसापुरतं त्याच्या नावापुढे "घरी बसवलं" असं लिहायचं, आणि घरी बसवलेल्याच्या पगाराची हमी नाही. रॉलीने मासेमारीसाठी सात दिवस राखून ठेवले होते, गोठलेल्या तळ्यावर त्याची ती लाकडी खोपटी उभीसुद्धा झाली होती. पाच जानेवारीला रजेचं वर्ष संपलं. वापरा नाहीतर विसरा. आधी लेखी अर्ज दिला असता तर ते दिवस नंतर मागता आले असते, पण या बाबाने डॉक्टरांना जाता जाता तोंडी सांगून ठेवलं होतं. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस! म्हणतो, "इतक्या वर्षांत डॉक्टरांनी कधी नाही म्हटलं नाही." मी म्हटलं, "डॉक्टर कुठे नाही म्हणतायत? कागद नाही म्हणतोय." तेव्हापासून तो घरी बायकोकडे मीठ मागायचं झालं तरी लिहून देतो, असं त्याची बायको सांगते.

नाताळच्या आदल्या दिवशीची गंमत मात्र तुला सांगायची राहिली होती. कारखान्याच्या मॅनेजरला आमची दया आली. त्याच्या सगळ्या लोकांना पगार वेळेवर, वर बोनस, आणि त्यांच्या पक्ष्यांवर शिक्का मारणारे आम्ही आठ जण फुकट राबतोय. बिचारा स्वतः आठ टर्की घेऊन दारात आला. कागदात गुंडाळलेल्या, वर लाल फीत. आम्ही आठही जण त्या टर्कींकडे बघत उभे. डॉक्टर पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, फार आभारी आहोत, पण तुमच्या हातून आम्ही एक पीस घेतलं तरी नोकरी जाईल, आणि कदाचित तुरुंगात जाऊ." मॅनेजर म्हणाला, "अहो, नाताळ आहे." डॉक्टर म्हणाले, "कायद्यात नाताळ नाही." आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ते हेच. होदनने डब्यातून आणलेले समोसेसुद्धा आम्हाला नाकारावे लागले, कारण तीही कारखान्याची. ती इतकी हिरमुसली की मला आजही वाईट वाटतं. म्हणाली, "मावशी, मी काय एका समोशात तुम्हाला विकत घेणार आहे?" मी म्हटलं, "बाई गं, आज तू मला अर्ध्या समोशात घेतलं असतंस."

हे सगळं मी तुला हसत हसत सांगत होते आणि तूही फोनवर हसत होतीस. तू तेव्हा रजेवर होतीस, आमच्या रजेवर. सप्टेंबरमध्ये तुझ्या छातीत गाठ निघाली, ऑक्टोबरात ऑपरेशन झालं आणि दर तीन आठवड्यांनी ते औषध चढवायला सुरुवात झाली. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तुझी स्वतःची सगळी रजा संपली. तू केवढी मानी, इतरांची रजा मिळावी म्हणून अर्ज करायलाच तयार नव्हतीस. "मला कोणाची भीक नको," म्हणालीस. मी तुला म्हटलं, लोक रक्त देतात तशी रजा देतात, त्यात भीक कसली? त्या दिवसापासून रॉली त्याला रजादान म्हणायला लागला. त्याने पाच दिवस दिले, डॉक्टरांनी दोन, मी दहा. आयोवातल्या कुठल्या तरी कारखान्यातल्या एका बाईने तीन दिवस दिले, जिने तुझं तोंडही कधी पाहिलेलं नाही. तू माझा फॉर्म हातात धरून रडलीस आणि नंतर मला दम भरलास की हे कोणाला सांगितलंस तर बघ. मी म्हटलं, माझे दहा दिवस मला कधी घेताच आले नसते, आता तू माझ्या वतीने लोळ. तू खरंच लोळलीस. केस गेले, जेवण जाईना, पण सकाळी उठायची घाई नाही, एवढं सुख होतं.

आणि मग त्या एका ओळीने तेही घेतलं. दान केलेली रजा हीसुद्धा रजाच. सगळ्यांची रद्द तशी तुझीही रद्द. खात्यात दिवस शिल्लक, पण त्यांना हात लावायचा नाही. तू अंथरुणात जिथे होतीस तिथेच होतीस, फक्त कागदावर रजेवरून उठून "घरी बसवलेली" झालीस. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू ते मला पुन्हा सांगायला लावलंस. मग म्हणालीस, "म्हणजे आर्डिस, आजारी पडायलासुद्धा सरकार चालू असावं लागतं?"

आता दोन जानेवारीचा फोन. या फोनबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी तुला संध्याकाळी फोन केला, तू सूप करत होतीस. मी म्हटलं, हे लवकर मिटत नाही, महिनासुद्धा जाईल. म्हटलं, कामावर असलेल्यांना पगार नक्की मिळणार, घरी बसवलेल्यांचं काही खरं नाही. म्हटलं, तुझं पुढचं औषध सतरा तारखेला आहे, मधले दोन आठवडे तुला जरा बरं वाटतं, तेवढ्यात येऊन उभी राहिलीस तर तेवढे दिवस तरी पक्के होतील. स्टूल देऊ, लहान पक्ष्यांच्या लाइनवर ठेवू. तू विचारलंस, "तुला काय वाटतं, मी यावं का?" मी म्हटलं, "मी तुझ्या जागी असते तर आले असते." तू सूप ढवळत होतीस, चमचा भांड्यावर वाजत होता. म्हणालीस, "बरं, माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणते."

चार तारखेला तू आलीस. डोक्यावर विणलेली टोपी, तिच्यावर जाळी, तिच्यावर हेल्मेट. रॉली म्हणाला, "अरे वा, आमच्या राणीसाहेब मुकुट घालून आल्या." तू म्हणालीस, "मुजरा कर मग." सगळे हसले. मी तुझा चेहरा पाहिला आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही. तो सगळा ओला हॉल, पायांखाली वाहतं पाणी, वरून पक्ष्यांवरचे जंतू मरावेत म्हणून सोडतात त्या आंबट पाण्याचा फवारा, जो धडधाकट माणसाच्याही घशात बसतो. मिनिटाला पंचवीस पक्षी डोळ्यांसमोरून जाणार, समोर पोट, मागच्या आरशात पाठ, एकावरही नजर चुकवायची नाही. तू स्टुलावर बसलीस आणि पहिल्याच तासात तीन पक्षी बाजूला काढायला लावलेस, जे मी सोडले असते. होदनला म्हणालीस, "बघतेस काय, ती गाठ बघ." आपल्या सगळ्यांत तुझीच नजर तीक्ष्ण, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

मी सकाळपुरती थांबून त्याच दिवशी दुपारी ओमाहाला निघाले. सोमवारीही आले नाही. मंगळवारी आले तेव्हा तुला खोकला लागला होता. मी म्हटलं, घरी जा. तू म्हणालीस, "आता काय घरी जाऊ, आता लागलीय सवय." मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. बुधवारी खोकला, गुरुवारी खोकला, शुक्रवारी आम्हा सर्वांच्या हातात शून्य पगाराचं पत्रक पडलं, तेही तू खोकत खोकत वाचलंस. आणि पंधरा तारखेला, मंगळवारी, साडेदहाच्या सुमाराला लाइन थांबली. एवढा मोठा तो हॉल एकदम गप्प. निरीक्षकाने लाल बटण दाबलं की सगळं थांबतं, पण आपण ते पक्ष्यांसाठी दाबतो, स्वतःसाठी नाही. फोरमन ओरडत आला, "काय झालं? काय दिसलं?" तू गटाराच्या जाळीशेजारी खाली बसली होतीस. म्हणालीस, "काही दिसत नाही, म्हणून थांबवली." तापाने तुझे डोळे लाल झाले होते. होदनने तुझे हातमोजे काढले. मी तुला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, न्यूमोनिया निघाला. माझ्या त्या दिवसाच्या तासांपुढे अडीच तास "घरी बसवलं" असं लिहिलं गेलं, कारण मी लाइन सोडून गेले होते.

दुसऱ्या दिवशी, सोळा तारखेला, वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला. कामावर असोत वा घरी बसवलेले असोत, सगळ्यांना सगळा पगार मिळणार. बैल गेला आणि झोपा केला! एक दिवस, लव्होन. तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू अंथरुणातून हललीसुद्धा नसतीस तरी तुझा एक छदाम बुडाला नसता. मी संध्याकाळी तुझ्या खाटेशी येऊन ही बातमी सांगितली, नाकातल्या नळीसकट तू हसलीस. मग हसायची थांबलीस आणि मला विचारलंस, "आर्डिस, ती ऑफिसातली मेव्हिस नव्हती का? तू नेहमी सांगतेस ती. मागच्या बंदच्या वेळी घरी बसून तिने स्वयंपाकघर रंगवलं. तिला शेवटी पगार मिळाला होता ना?" मी म्हटलं, "नाही गं, तिला नाही मिळाला." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग भिंतीकडे वळलीस. त्यानंतर एल्ना आली, तुला घेऊन गेली, आणि माझ्याशी तुझं शेवटचं बोलणं ते मेव्हिसच्या स्वयंपाकघराचं.

मिळाला होता. मेव्हिसला पूर्ण पगार मिळाला होता. सोळा दिवस घरी बसून, पिवळा रंग लावून, आमच्या हाती पडला त्याच दिवशी तिच्याही हाती पडला, आणि याच रागाने मी पाच वर्षं तिची गोष्ट प्रत्येकाला सांगत फिरत होते. त्याआधीच्या बंदच्या वेळीही घरी बसलेल्यांना मिळाला होता, रॉलीला विचार. तू २०१५ मध्ये आलीस, तुला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला माहीत होतं. कायद्याने हमी नसते, पण प्रत्येक वेळी मिळतो, हे मला दोन जानेवारीला, तुझा चमचा वाजत होता तेव्हा, स्वच्छ माहीत होतं.

मग फोन का केला, ते सांगते. माझ्या मुलीच्या मुलीचा बाप्तिस्मा सहा तारखेला ओमाहाला होता. पहिली नात. मी ऑगस्टमध्ये शुक्रवार आणि सोमवार मागून घेतले होते, लेखी, रॉलीसारखे नाही. ते रद्द झाले तेव्हा मी डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन भांडले. ते म्हणाले, "आर्डिस, मी तुम्हाला दोन दिवस घरी बसवलं असं लिहून सोडू शकतो, माझी हरकत नाही. पण तुमच्या जागी दोन डोळे आणून द्या. माझ्याकडे माणूस नाही." मी घरी गेले, कोट न काढता खुर्चीवर बसले, आणि माझ्या मनात पहिलं नाव आलं ते तुझं. तुझ्या पगाराची काळजी मला नंतर सुचली. सुचली आणि मी तिला घट्ट धरलं, कारण ती चांगली दिसत होती. तुझ्या भल्यासाठी म्हणून मी फोन केला असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की बाप्तिस्म्याच्या वेळी पुढच्या बाकावर बसून तुझ्यासाठी प्रार्थनासुद्धा केली. एवढी मी लबाड. सरकारवर मी पस्तीस दिवस ओरडले, अजून ओरडते, आणि ते त्या लायकीचं आहेच. पण तुला बिछान्यातून सरकारने उठवलं नाही. मी उठवलं. आणि तू सरळ विचारलंस तेव्हा खोटं बोलले. लव्होन, मला क्षमा कर. करवत नसेल तर करू नकोस, पण हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं आणि तीन पत्रांत माझी हिंमत झाली नाही. तिन्हींमध्ये मी हवामानाबद्दल लिहिलं.

आता आज का लिहितेय ते. गेल्या गुरुवारी पगारपत्रक आलं आणि त्यात माझ्या रजेत छत्तीस तास जास्त. मला वाटलं चूक झाली. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: दान केलेली रजा दात्यास परत, कारण वैद्यकीय अडचण संपुष्टात. मी मिनीआपोलिसच्या कार्यालयाला फोन केला. मुलगी गोड बोलत होती. मी विचारलं, अडचण संपली म्हणजे नेमकं काय झालं? ती म्हणाली, "मॅडम, तीन कारणांनी संपते. माणूस बरा होतो, नोकरी सोडतो, किंवा…" आणि थांबली. मी म्हटलं, यातलं कोणतं? ती म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही, ते खासगी आहे. मी फक्त तास सांगू शकते." रॉलीनेही पत्रक उघडलं, त्याचे अठरा तास परत आलेत. तो म्हणाला, "तिकडच्या पेपरात बघू का?" मी म्हटलं, त्या पेपरला हात लावलास तर तुझी खोपटी तळ्यात बुडवीन. पहिल्या तीन दिवसांत मी सात वेळा फोन हातात घेतला आणि सात वेळा ठेवला. म्हणून मी हे छत्तीस तास लेखी मागून घेतलेत, त्या पोरसवदा डॉक्टरने न वाचता सही केली. मी शुक्रवारी निघते, शनिवारी दुपारपर्यंत एल्नाच्या दारात असेन. बरी झाली असशील तर दार तू उघड आणि मला काय बोलायचं ते बोल, मी उंबऱ्यात उभी राहून ऐकेन. नोकरी सोडली असशील तर तेही तोंडावर सांग. आधी फोन करून विचारत का नाही, असं एल्ना म्हणेल. फोनवर ती एका वाक्यात सांगून मोकळी होईल, गं. पत्र पोचायला तीन दिवस लागतात आणि गाडीने मला दीड दिवस. तेवढे दिवस तरी मला तुझ्यावर चिडता येतं.

तुझीच, तू अजून तसं म्हणू देत असशील तर,
आर्डिस